सुदामच्या बापाचा खोकला

आमच्या मळ्यातल्या वांग्यांबद्दल मी आजवर जे जे सांगत आले ते सगळं खरं आहे, फक्त ऐकणाऱ्यानं आकार अर्धा करून घ्यावा. एका वांग्यात सात माणसांचं भरीत व्हायचं असं मी नातवंडांना सांगते, तेव्हा आतून सुनेच्या भांड्यांचा आवाज वाढतो. वाढू दे. नातवंडांना वांगं मोठंच लागतं आणि मला ते मोठं करता येतं. देवानं माझ्या पदरात टाकलेला गुण म्हणाल तर हा एकच. या गुणावर मी बारशी गाजवली, लग्नं गाजवली, एकदा तर एक मयत गाजवली. त्या मयतीचीच ही हकीकत आहे. ती मात्र अर्धी करून घ्यायची सोय मी ठेवलेली नाही.

आमचा मळा अमरावतीहून मोर्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. पहाटे मोट सुरू झाली की चाकाची कुईकुई थेट माझ्या गोधडीत यायची, आणि तिच्या मागोमाग बैलांना चुचकारणारा बापाचा आवाज. माझा बाप माणसांशी दिवसातून चार वाक्यं बोलायचा; बाकीची सगळी बैलांशी. माय ओट्यावर झेंडू-शेवंतीचे हार ओवत बसायची, दुसरीकडे चुलीवरची भाकर उलटायची आणि तिसरीकडे मला शिव्या द्यायची, आणि तिन्हीत कधी टाका चुकला नाही. हिवाळ्यात तुराट्यांचा जाळ करून त्यावर वांगी भाजली की त्या वासानं रस्त्यावरच्या गाड्या आपोआप थांबत. त्या वासानंच मला शिकवलं, असं म्हणायला हरकत नाही. कारण शाळेचे मास्तर भरिताचे भक्त होते आणि ‘गोदीला सातवी होऊ द्या’ हे त्यांनी बापाला दर हिवाळ्यात आमच्याच पाटावर बसून सांगितलं. माळ्याच्या घरची पोरगी सातवीची फायनल पास झाली ती अशी, वांग्यांच्या बळावर.

मोठी लढाई चालू होती. आमच्या आसपासच्या गावांतून बरेच जण पलटणीत गेले होते, आणि अमरावतीला कँपात फौजी लोकांच्या घरच्यांसाठी एक कचेरी उघडली होती. तिचा कारभार एका म्हाताऱ्या सुभेदारांकडे होता. तोफेच्या आवाजानं त्यांचा एक कान गेला होता, त्यामुळे ते साधं ‘पाणी द्या’ म्हणाले तरी कवायतीचा हुकूम सुटल्यासारखा वाटे आणि आमचे बैल उभे राहात. कुणाचे पैसे अडले, कुणाची सासू सुनेला जेवू देत नाही, कुणाला रात्ररात्र झोप नाही, सगळं त्यांच्याकडे यायचं. पण यायचं ते सासऱ्यांच्या तोंडून. सुना दाराआड उभ्या राहात आणि परक्या पुरुषापुढं तोंड उघडत नसत. म्हणून सुभेदारांना लिहिता-वाचता येणारी एक पोरगी हवी होती, जी घराघरांत चुलीपाशी बसेल, फौजीचं पत्र वाचून दाखवील, उलट पत्र लिहील, आणि घरात काय दुखतंय-खुपतंय ते दर शनिवारी वहीत लिहून कचेरीत आणील. माझं वय तेव्हा सोळा. माय नको म्हणाली. सुभेदारांनी आमच्याकडे तीन रोडगे आणि हंडाभर वांग्याची भाजी खाल्ली, मग बापानं दिवसभरातलं पाचवं वाक्य खर्च केलं आणि मला अकरा घरं मिळाली.

जाताना सुभेदारांनी नियम सांगितला. मयत, दुखणं, भांडण यांतलं काहीही कार्डावर लिहायचं नाही. ते कचेरीत कळवायचं, कचेरी पलटणीच्या साहेबाला कळवील, साहेब माणसाला जवळ बसवून सांगेल. मी मान डोलावली. नियमाचा पहिला अर्धा भाग मला फारच आवडला. दुसरा मी ऐकला, पण तो कानाच्या दारातच उभा राहिला.

पहिले काही महिने मी राणी होते. एखादी सून अर्धा तास पदर पिळत उभी राहायची आणि शेवटी म्हणायची, लिव, बरं हाय. एवढ्या तीन शब्दांवर मी कार्डाच्या दोन्ही बाजू भरायची. तिची गाय व्यायची, वासराच्या कपाळावर चांद उगवायचा, तूर छातीइतकी वाढायची, पोरगं बापासारखं चालायला लागायचं. तिकडून पत्रं यायची की तुमची पत्रं बराकीत मोठ्यानं वाचतात. सुभेदार माझ्या बापाला म्हणाले, ही पोरगी म्हणजे अर्धी पलटण आहे. मी घरी येईपर्यंत ती अख्खी केली.

त्या अकरांतलं एक घर सरूमावशीचं. नाल्याच्या काठाला, दोन खोल्या, पुढे आंबाडीचे वाफे. नवरा गणपतबुवा, आणि एकुलता एक सुदाम. सुदामदादा आधी अमरावतीच्या एका कापसाच्या जिनाची लॉरी हाकायचा, मग पलटणीच्या लॉऱ्या हाकायला बसऱ्याकडे गेला. गणपतबुवाला खोकला होता. खोकला म्हणजे काय सांगू, जिनाचा भोंगा एखाद्या दिवशी चुकायचा, बुवाचा खोकला चुकायचा नाही. गावातली माणसं त्यावर उठायची. सुदामदादाच्या प्रत्येक पत्रात पहिली ओळ आईची आणि बाकी सगळं पत्र त्या खोकल्याचं.

एका सकाळी खोकला आला नाही.

तेरवी झाल्यावर सरूमावशी स्वतः आमच्या मळ्यात आली. तिनं हातात कोरं कार्ड आणलं होतं आणि त्याचा एक कोपरा फाडलेला होता. आमच्याकडे मयतीचं कार्ड असंच जातं. कोपरा नसलेलं कार्ड आलं की ते उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, बाहेरच वाचतात आणि तिथंच फाडून टाकतात. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कार्ड हातात पडताच कळतं. मावशी म्हणाली, “काय लिवाचं थे तुले मालूम हाय, पोरी. त्याले वाचता नाई येत, पन कोपरा पायला का त्याले समजीन. माह्या हातानं फाडला, सांगजो त्याले.”

मी बरं म्हटलं. ती गेली. मी पेटीतून दुसरं कार्ड काढलं, चारही कोपरे शाबूत असलेलं, आणि लिहिलं की तूर चांगली आहे, आंबाडी भरपूर आहे, काळजी नसावी. गणपतबुवाचं नावच घेतलं नाही. नियमच तसा होता. आणि वहीत मयतीची नोंद केली, शनिवारी कचेरीत द्यायला. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही, हे मी गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

शुक्रवारी अकोल्याहून मामाचा सांगावा आला, मामेबहिणीचं लग्न निघालं. बापाच्या गाडीतून अमरावतीला जायचं, कचेरीत वही द्यायची आणि तिथून पुढे निघायचं, असं ठरलं होतं. पण बांगड्या घ्यायच्या राहिल्या होत्या. बांगड्यांच्या दुकानात वेळ गेला आणि कचेरी राहिली. अकोल्याला मी चार दिवसांसाठी गेले ती पंधरा दिवस राहिले, कारण तिथल्या बायका रोज दुपारी माझ्याभोवती जमायच्या आणि मी त्यांना पलटणीच्या गोष्टी सांगायची, जणू बसऱ्याला मीच लॉरी हाकत होते. मयतीची नोंद असलेली वही माझ्या ट्रंकेत लुगड्याखाली होती. ती वही अकोल्याचं लग्न जेवून आली.

परतल्यावर शनिवार आला. नोंद द्यायची तर उशीर का झाला तेही सांगावं लागणार. मी बाकीची पानं दिली, ते पान दिलं नाही. पुढच्या शनिवारी तर ते आणखीच जड झालं. मग सुदामदादाचं पत्र आलं.

मी नाल्याकाठी पोचले तेव्हा ओसरीत सात-आठ बायका बसल्या होत्या. पोराला कार्ड पोचलं असणार, आता त्याचं रडणं ऐकायचं, म्हणून मावशीनं त्यांना बोलावलं होतं. सगळ्यांचे पदर हातात तयार. मावशी नवऱ्याच्या मरणात रडली नव्हती, जेवत नव्हती, तेरवीनंतर तिनं धड भाकर खाल्ली नाही हे मला वाटेतच कळलं होतं. मी पाकीट फोडलं. आत पलटणीतल्या कुणा लिहिणाऱ्याच्या अक्षरात होतं की मी बरा आहे, रेती दातांत येते, बाबाचा खोकला कसा आहे, त्याला थंडीत शेतावर जाऊ देऊ नका, मी त्याच्यासाठी लोकरीचा गुलुबंद घेतला आहे.

मी वर पाहिलं. आणि वाचायला लागले.

मी वाचलं की माय, तुझं कार्ड मिळालं, कोपरा पाहिला आणि मी चालती लॉरी थांबवली. पलटणीच्या न्हाव्याकडून मी डोकं उतरवलं. गोऱ्या साहेबानं आपली टोपी काढून हातात धरली. चाळीस लॉऱ्या एका रांगेत उभ्या केल्या आणि माझ्या बापासाठी चाळीसही जणांनी एकदम भोंगा वाजवला, तो त्या वाळवंटात पार क्षितिजापर्यंत गेला. बायका हुंदके द्यायला लागल्या. सरूमावशी पहिल्यांदा रडली, अशी रडली की तिला दोघींनी धरलं. संध्याकाळी तिनं झुणक्याशी दीड भाकर खाल्ली. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढं मी स्वतःचं समर्थन केलं ते याच दीड भाकरीवर. आयुष्यात मी त्याहून चांगलं पत्र वाचलं नाही, आणि कागदावर त्यातलं एक अक्षर नव्हतं.

एकदा चाक फिरलं की मोटेचा बैल थांबत नाही. मावशी सांगायची, लिव, तुह्या बापाच्या जागी पिंपळाचं रोप लावलं. मी लिहायची, बाबाचा खोकला कमी आहे. तो विचारायचा, बाबा जेवतो का. मी त्याला गणपतबुवाला रोडगे खाऊ घातलेलं कळवायची. मेलेल्या माणसाला मी दहा महिने जिवंत ठेवलं, आणि खोटं कशाला बोलू, जिवंतपणी होता त्यापेक्षा बरा ठेवला. त्याचं वजन वाढवलं. त्याला एक गोऱ्हा घेऊन दिला. आणि इकडे मावशीसाठी सुदामदादाचं रडणं दर महिन्याला नवं करून आणायची. मला रात्री झोप यायची, हेही लिहून ठेवते. तेव्हा यायची.

फौजी सुटीवर येणार हे पत्रात कळवायची परवानगी नसे. म्हणून तो आला तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. दुपारची वेळ, मी आणि मावशी ओसरीत आंबाडीची पानं खुडत होतो. मावशी मला सांगत होती की सुदामची सुटी मंजूर झाली तर वर्साचं श्राद्ध त्याच्या हातूनच होईल. मी हं हं करत होते. तेवढ्यात नाल्याच्या उतारावरून खाकी कपड्यातला माणूस पाठीवर पिशवी घेऊन येताना दिसला, उन्हानं काळा झालेला, हसत. अंगणात येतायेताच तो पिशवीत हात घालून काहीतरी उपसत होता. निळ्या लोकरीचं टोक बाहेर आलेलं मी पाहिलं.

आमच्याकडे मयतीनंतर पहिल्या भेटीला बाई गळ्यात पडते आणि हेल काढून रडते, मेलेल्याचे गुण सांगत सांगत. मावशी धावली ती तशीच धावली. तिच्या हिशेबी तो सगळं जाणून आला होता. तो आधी हसतच राहिला. माय लेकाला पाहून रडते तशी रडतेय असं त्याला वाटलं असावं. मग तिनं तोंड वर केलं आणि त्याला तिचं कपाळ दिसलं. त्यानं तिचे दोन्ही हात धरून समोर आणले. मनगटं मोकळी होती.

“कदी?” तो म्हणाला.

“कदी काय, बाप्पा?” मावशीला कळेना. “तुले कार्ड भेटलं ना. तुनं डोकं उतरवलं ना. तुह्या साहेबानं टोपी काढली ना रे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मग तोही. माझ्या मांडीवर आंबाडीची पानं होती. गावात मी पाच मिनिटं गप्प बसल्याचा दाखला कुणापाशी नव्हता. तो त्या दिवशी झाला. मग मी सांगितलं. सगळं, बांगड्यांसकट. माझ्या आयुष्यात मी न वाढवता सांगितलेली ती पहिलीच गोष्ट, आणि ती इतकी लहान निघाली की सांगून लवकर संपली.

सुदामदादा ओसरीच्या पायरीवर बसला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर माझं बरं झालं असतं. तो बूट बघत हळू म्हणाला, “शिमग्यात, होयीले मी नाचलो, गोदे. ढोलकं घेऊन नाचलो. बापाच्या वर्सात.”

त्यानं पाठीवरची पिशवी उतरवून पायरीवर ठेवली.

“दहा पत्रं देलीत मी. माय, आन थे पत्रं. वाच. जसे हायेत तसे वाच, मायेसमोर.”

मावशीनं आतून डबा आणला. मी पहिलं पत्र उघडलं आणि वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं. बाबाचा खोकला कसा आहे. बाबाले सांगजा इथं खजूर लय. बाबानं गोऱ्हा घेतला हे आयकून मले लय बरं वाटलं, त्याचं नाव काय ठेवलं. बाबाले म्हना मी आलो का दोघं मिळून त्याले गाडीले जुंपू. प्रत्येक पत्र त्या मेलेल्या माणसाशी गप्पा मारत होतं, आणि अर्ध्या प्रश्नांचं खतपाणी माझं होतं. माझा आवाज, ज्याच्यावर मी अकोला जिंकलं होतं, चौथ्या पत्राला चिरला, पण सुदामदादानं थांबू दिलं नाही. सरूमावशी भिंतीला टेकून ऐकत होती. दहावं झालं तेव्हा तिनं विचारलं, “चाळीस लॉऱ्यांचं कोनतं होतं?”

मी म्हटलं, तसं पत्र नाही, मावशी.

“नाई कसं? मी आयकलं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं न्हाव्याला अंगणात बोलावलं आणि डोकं उतरवलं. दहा महिन्यांनी. आमच्या घरून माझा बाप गेला होता. त्यानं परत येऊन मला काही सांगितलं नाही, बैलांनाही काही सांगितलं नाही, दिवसभर मोट मुकाट चालली. मायनं मात्र मला दोन ठेवून दिल्या आणि मग स्वतःच रडत बसली.

शनिवारी मी कचेरीत गेले आणि ते पान सुभेदारांपुढं ठेवलं. ते त्यांनी दोनदा वाचलं. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा मला साध्या माणसासारखा ऐकू आला. म्हणाले, “बातमी लपवायची, असा नियम नव्हता पोरी. ती ऐकताना त्याच्याजवळ कुणीतरी बसलेलं असावं, एवढ्याचसाठी तो नियम होता.” मी काम सोडते म्हणाले. ते म्हणाले, सोडायची मुभा तुला नाही, त्या घरी वाचणारं दुसरं कोण आहे? आणि वही माझ्या हातात परत दिली.

आता माझ्या वयाला लोक मान देतात. फौजीच्या घरच्यांशी बोलायला शिकलेल्या बाया असतात म्हणे, फोनवरून धीर देतात. चांगलं आहे. त्यांना सुभेदारांचं ते वाक्य कुणी सांगितलंय का, ते मला माहीत नाही. मी सांगितलं असतं, पण माझं सांगणं लोक अर्धं करून घेतात.

सुदामदादा लढाई संपल्यावर धडधाकट परत आला, पुन्हा जिनाची लॉरी हाकायला लागला आणि रस्त्यात भेटला की ‘काय गोदे’ म्हणायचा. त्याच्याशी माझं काही राहिलं नाही. राहिलं ते सरूमावशीशी. तो सुटी संपवून गेला त्याला महिना झाला आणि त्याचं पत्र आलं. मी गेले. ओसरीत आम्ही दोघीच. बाकीच्या बायकांना तिनं पुन्हा कधी बोलावलं नाही. मी पाकीट फोडलं, कागद तिच्याही डोळ्यांपुढे येईल असा धरला, तिला अक्षर येत नव्हतं तरी, आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. सुखरूप पोचलो. वाटेत ऊन होतं. माय, जेवत जाय. एवढंच होतं. तिनं लक्ष देऊन ऐकलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, अगदी सहज, रागानं नव्हे:

“बरं. आता खरं काय लिवलं थे वाच.”

मी तेच पत्र पुन्हा वाचलं. दुसरं कुठून आणणार? त्यानंतर लढाई संपेपर्यंत जेवढी पत्रं आली ती सगळी मी तिला अशी दोनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा वाच असं ती कधी म्हणाली नाही. विश्वास बसला म्हणून म्हणाली नाही की दमली म्हणून, हे विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि मग ती गेली.